लिस्पूट

तेहतीस वर्षं मी गोदीत टॅली क्लार्क होतो.
पेटी उतरली की एकच सवाल :
चढली कुठे?
निवृत्त झालो, पेट्या थांबल्या, सवाल थांबेना.
मग घरातल्या शब्दांना धरलं.

चावी उतरली पोर्तुगीज जहाजातून,
बालदी आणि पगारही तिथूनच.
(पगाराला तेव्हापासून उशीर होतोय.)
तूप मात्र कानडी मुलखातून घाट उतरून
पायी आलं असावं.
ज्या खुर्चीत बसून हे लिहितोय
तिचा माग काढत गेलो तर
अरबांची ओसरी, तिच्यामागे अक्कद, त्याच्याही मागे सुमेर.
चार हजार वर्षं कुणी ना कुणी टेकलंय हिच्यावर.
वेत कुरकुरणारच.

साबणाचं भांडण आहे.
अरब म्हणतात आमचा, फिरंगी म्हणतात आम्ही आणला,
आणि दोघांच्या मागून एक म्हातारा रोमन
उत्तरेकडे बोट दाखवतो :
तिकडच्या टोळ्या हे केस लाल करायला लावतात.
मी वहीत नोंदवलं : माल वादग्रस्त.

आणि तिथेच अडकलो.

कारण साबण झिजत झिजत
नखाएवढा उरतो, ज्यातून उजेड दिसतो,
मुठीतून सुळकन निसटतो,
त्याला आमची आई म्हणायची लिस्पूट.
"लिस्पूट टाकू नको रे, नव्या वडीला चिकटव."
मला वाटायचं, अख्खी मुंबई म्हणते.
लग्नानंतर चौथ्या दिवशी बायको मोरीच्या दारातून म्हणाली,
"काय म्हणालात?"

कोश पाहिले. 'ल'च्या पानांवर बोट काळं झालं.
धोबीतलावच्या कुडात इनास परेराला गाठलं,
चाळीस वर्षं जहाजावर भटारी.
म्हणाला, आमच्यात नाही, खलाशांचा असेल.
श्रीवर्धनचे याकूब परकार चहा बशीत ओतत म्हणाले,
खलाशी साबण कुठे लावतात? दुकानदाराला विचारा.
वेलजी गालाने गल्ल्यावरून मान हलवली,
कच्छीत नाही बा. गोव्याकडचा वाटतो.
झाली प्रदक्षिणा.

आईला एकदाच विचारलं होतं,
हा शब्द कुठला गं?
"कुठला म्हणजे? साबणाचा."

ती नऊ वर्षांची होती, चव्वेचाळीसच्या एप्रिलात,
गोदीत जहाज फुटलं तेव्हा.
सोन्याच्या विटा उडून लोकांच्या छपरांवर पडल्या म्हणतात.
तिच्या घराला छप्पर उरलं नाही, माणसंही.
मग माझगावातल्या पाच बिऱ्हाडांनी तिला
पाळीपाळीने वाढवलं :
सोमवारी एकीकडे जेवण, मंगळवारी दुसरीकडे आंघोळ.
कोणत्या भाषेतल्या कोणत्या बाईने
तिच्या डोक्यावर तांब्या ओतता ओतता
तो बारीक तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला असेल?
त्या पाचांतलं एकही दार आता उघडायला नाही.
दोन इमारती पडल्या, एकीच्या जागी वाहनतळ आहे.

कधी वाटतं, तिनेच केला असेल.
दुसऱ्याच्या मोरीत, दुसऱ्याचा साबण,
मागायची लाज वाटली की
उरलेल्या तुकड्याला माणूस स्वतःचं नाव देतो.

वहीत तो रकाना कोरा ठेवलाय.
चढला : —
उतरला : माझगाव.

परवा शाल्मलीकडे गेलो, कलिनाला.
तिच्यासोबत राहते इम्फाळची थोइबी,
मराठी येतं तिला जेमतेम,
भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं.
न्हाणीघराचं दार किलकिलं करून ती ओरडली,
"शालू, नया साबण दे!
लिस्पूट भी खतम!"

मी खिशात पेन चाचपलं.
मग राहू दिलं.