राखाडी कार्ड

गड्डीगोदामातला माझा स्टुडिओ बंद पडला त्या वर्षी
मेडिकलच्या त्वचा विभागात जागा निघाली.
छायाचित्रकार, मानधनावर, दोन वर्षं.
मुलाखतीत उईके मॅडमनी एकच विचारलं,
"फोटोत माणसं गोरी करायची सवय आहे का?"
मी म्हटलं, बावीस वर्षं तेवढंच तर केलं.
त्या हसल्या नाहीत.
"मग ती इथे दाराबाहेर काढावी लागेल,
चपलेसारखी."

मे महिना. कुलरमधून खसाचा वास येतो, पाण्याचे थेंबही,
लेन्स पुसता पुसता जीव जातो.
उत्तरेच्या खिडकीला पांढरा पडदा,
पेशंटच्या हनुवटीखाली राखाडी कार्ड,
शेजारी चोवीस रंगांची पट्टी.
पट्टीत कातडीचे चौकोन दोन.
एकदा मी बाहेरच्या बाकावरच्या रांगेत मोजायला बसलो,
अकरापर्यंत आलो,
मग चहा आला.

मॅडम जाडं पुस्तक उघडून दाखवतात :
"लाल चट्टा", आणि खाली एक गुलाबी पाठ.
"आता ही बघा," म्हणतात,
आणि उमरेडच्या खाणीतला झनकलाल सदरा वर करतो.
लाल कुठे आहे?
जांभळाच्या सालीसारखं काही आहे,
कडेला भाजल्या चिंचोक्याचा रंग,
मधे राख.
मॅडम हाताची उलटी बाजू ठेवतात
जशी आपण पोराच्या कपाळावर ठेवतो.
"तापलंय. आणि तीन दवाखान्यांनी याला सांगितलं, काही नाही म्हणून."
झनकलाल भिंतीकडे तोंड करूनच बोलतो,
"दिसत नसन बाई, पण झोपू देत नाही."

मी दिवा थोडा तिरपा केला.
उजळलं काहीच नाही.
आणि पडद्यावर हळूहळू ते वर आलं,
वांग्याच्या देठाजवळ असतो तो जांभळा.
मॅडम म्हणाल्या, "हां."
एवढंच. पण त्या दिवशी मी डबा खाल्ला
तेव्हा वांगी होती, आणि मी ती बघत बसलो.

दोनशे सतरा नंबरला एक बाई आल्या.
दोन्ही गालांवर बारीक नसांचं जाळं, पुळ्या,
कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी.
सहा वर्षं एकच ट्यूब,
बर्डीवरच्या औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय.
नाव सांगता सांगता त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
"तुम्हीच नव्हते का? हुडकेश्वर रोडचा हॉल, दोन हजार बारा."

मला हॉल आठवला.
दोनदा बंद पडलेला जनरेटर आठवला,
सावजी रश्शाचा डाग पडलेली माझी पांढरी पँट.
चेहरा आठवला नाही.
चेहरे मी ठेवलेच कुठे होते.

"पोरगी अल्बम पायते न मंग विचारते,
हे मावशी कोण आहे व?"
आवाजात राग नव्हता.
आज नळ आला नाही असं सांगावं, तसं.
"सासू म्हणे, फोटोत तं बरी दिसत होतीस.
मंग मी ट्यूब घेतली."

मी कार्ड हनुवटीखाली धरलं. हात हलला.
परत धरलं.
समोरून. उजवा गाल. डावा.
मॅडमनी आतून विचारलं, एवढा वेळ का?
कुलरचं पाणी उडतंय, मी म्हटलं.

"मले एक कॉपी भेटन का?"
नाही मिळत, संशोधनाची मालमत्ता आहे,
मी नियमाच्या आवाजात सांगितलं.
"दाखवा तं खरी."

मी कॅमेरा वळवला.
गालांकडे त्यांनी बघितलंच नाही.
डोळे बारीक करून बोट टेकवलं
डाव्या भुवईच्या टोकाशी,
कांजण्यांचा जुना वण, डाळीएवढा.
"हा आहे," म्हणाल्या.
"अल्बममधी नव्हता हा.
मी म्हटलं, गेला कुठं?"