न दिलेल्या गोळीचं बिल

रिवणच्या तिठ्यावर माझं दुकान.
फळीवर आजोबांच्या वेळची अक्षरं : फार्मासिया.
खाली माझं नाव नवं रंगवून घेतलंय,
पण ते कोण वाचतो?
कुंदाबायगेर म्हणतात, झालं.

डॉक्टर केंद्रात येतात मंगळवारी आणि शुक्रवारी.
ताप बुधवारी येतो.
साखर रविवारी चढते, तिसऱ्याच्या जेवणानंतर.
आणि सांग्याची शेवटची बस गेली
की उरते मी, प्रेशरचं यंत्र,
आणि एक स्टूल
ज्याचा एक पाय दुमडलेल्या पुठ्ठ्यावर उभा आहे.

मिलाग्रीनला पाकिटावर रोमीत लिहून देते,
शाणूला देवनागरीत.
पुतू वेळीपला दोन्ही सारख्याच मुंग्या.
त्याच्यासाठी सूर्य काढते, चंद्र काढते,
दुपारला पेजेची वाटी.
एकदा चंद्र बिघडला, केळ्यासारखा झाला.
आठवडाभर त्यानं ती गोळी
इमानानं केळ्याबरोबर खाल्ली.

काल आला तो स्टुलाला धरूनच बसला.
"बाय, उठलों काय माड घुंवतात."
पट्टा बांधला. आकडा खाली. फारच खाली.
उन्हाचं असेल म्हणाला,
काजू वेचायला दिवसभर डोंगरावर.
मी म्हटलं, पिशवी ओत.

काउंटरवर पडलं :
दोन पिकी भिरंडां, विड्यांचं बंडल,
घडी मोडून फाटलेलं आधार,
मडगावच्या इस्पितळातली एक पट्टी, निळी,
आणि आमच्या केंद्रातली एक, लाल.
नावं वेगळी.
चष्मा चढवून मागची बारीक ओळ वाचली.
आत तेच.

"पुतू, हा एकच माणूस.
दोन सदरे घालून येतोय तुझ्याकडे."
तो हसला, दात नसलेलं.
"म्हळ्यार हांव ताका दोनदां जेवयतां!"

डॉक्टरांना फोन लावला.
आधी वैतागले. मग कागद चाळल्याचा आवाज,
मग बराच वेळ नुसता पंखा.
मग : लाल बंद करा. उद्या पाठवा.
उद्या शुक्रवार होता, नशीब.

मी डॉक्टर नाही.
हे दिवसातून दहादा सांगते,
कधी गिऱ्हाइकाला, कधी मलाच.
पोराच्या साध्या सर्दीला ॲन्टिबायोटिक मागतात,
देत नाही, म्हणून शिव्या खाते.
त्याच बायका रात्री मागच्या दारी येतात,
हळू आवाजात,
नवऱ्यालाही न सांगितलेलं विचारायला.

पुतूनं कनवटीला हात घातला. "पयशे कितले?"
"कसले? औषध दिलं कुठं, काढून घेतलं."
तो घोटाळला.
मग बाहेर जाऊन सायकलीवरचा नीरफणस आणला,
काउंटरवर ठेवला
आणि सायकल तिथंच सोडून
कुंपणाला धरत, सावकाश, चालत गेला.

रात्री कॉम्प्युटरवर दिवस मिटवायला बसले.
मालाचं नाव, बॅच, मुदत, नग.
नगाच्या चौकटीत लिहून पाहिलं, वजा एक.
यंत्र घेईना.

शटर ओढलं. सायकल आत घेतली.
घरी जाऊन नीरफणसाचे काप केले, रवा लावून.
थोडे जास्तच तळले.