हुलगे, उकडून

सोयापेंड पुन्हा महागली,
तेव्हा नवापूरच्या शेडवर दिवल्या वसावेनं
पाटीभर हुलगे मिक्सरमध्ये ओतले, कच्चेच.
कोंबड्यांनी चोचीनं बाजूला सारले,
मका तेवढा वेचला.
आठवड्यात अंडी लहान, कवच कागदासारखं.

झाडलोट करणारी सुमली म्हणाली,
आपण तरी कच्चे खातो का रे?

रात्री भिजत घातले. पहाटे चुलीवर
फेस वर आला, तपकिरी, उग्र.
तो तिनं नाल्यात ओतला.
मग वाळवण, मग भरड,
शंभर किलोत दहाच.

आज चौथ्या रांगेत
खाद्याची पन्हळ चाटूनपुसून रिकामी.
दिवल्यानं वहीत टाचलं: हुलगे, उकडून.

घुगऱ्यांपुरते दाणे पदरात बांधता बांधता
सुमलीनं विचारलं,
फेस टाकायचा, ते लिहिलंस?