चार सेकंद

चार सेकंदांनी हरलो.
बीकेसीच्या रविवारच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर
आम्ही चौघी: तेहतीस मिनिटं अठरा.
त्या चौघी: तेहतीस चौदा.

गुडिन्हो सरांनी वही उघडली.
त्या वहीत आमची नावं नसतात, किलो असतात.
दर शुक्रवारी जिमखान्यामागच्या काट्यावर
बूट काढून, केसांतल्या क्लिपा काढून उभं राहायचं.
वृषाली श्वासही सोडून देते,
न जाणो, हवेचंही वजन धरतील.

"सायकलचे दोनशे ग्रॅम उतरवायला
बावीस हजार पडतात," सर वहीलाच म्हणाले,
"तुमचे फुकट उतरतात. तोंड मिटायचं, बस्स.
आडनाव धुरंधर, आणि पेडर रोडच्या चढाला फेफे!"

मी गप्प.
हेल्मेटच्या पट्ट्यावर घामाच्या मिठाची रेघ आली होती
ती नखाने खरवडत
शोधत राहिले
नेमके कुठल्या घासात होते ते चार सेकंद.

मुनिराकडे, ईदच्या सकाळी?
वाफ धरून बसलेलं सांदण, एकच घेऊ म्हणून बसलो,
आणि तिची आई, "सायकलीला पेट्रोल लागत नाही,
म्हणून पोरींनाही नको की काय?"
असं म्हणत चौथं वाढून गेली.

की लवीनाच्या मावशीच्या लग्नाआधल्या रात्री,
कढईतून टम्म होऊन निघालेले फुगे,
जे मोजून खायचे ठरले होते.

की वाशीच्या खाडीपुलावर,
ऐंशी किलोमीटरनंतर डोळ्यांपुढे काजवे,
सरांचं जेल जिभेवर, चव शाळेतल्या डिंकाची,
तेव्हा वृषालीने जर्सीच्या मागच्या खिशातून
घामाने कोमट झालेली पुडी काढली:
तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी.
चार मुली आणि दोन कावळे.
कावळ्यांना काही मिळालं नाही.
परतीच्या वाटेवर मात्र आम्ही
एका टेम्पोला मागे टाकलं होतं.
ते सेकंद वहीत कुठे लिहितात?

नाही. खरं सांगते.
काल आईने मामासाठी कोळंबीचं भानवलं केलं.
मला दहीभात, उकडलेला बटाटा.
माझ्या वाट्याचं ताटलीत झाकून फ्रीजमध्ये,
वर चिठ्ठी: केतकी, शर्यतीनंतर.
पावणेचारला चेनला तेल घालून उठले,
पाणी प्यायला फ्रीज उघडला.
फक्त कड, म्हटलं.
ती करपलेली, कांदा चिकटलेली कड.
मग कडेला लागून एक कोळंबी होती.
तिला एकटं वाटेल म्हणून दुसरी.

आणि चौदाव्या किलोमीटरला,
वेग सदतीस, पाय कुणा दुसरीचेच,
समोर मुनिराच्या चाकाखेरीज जगात काही नाही,
अशात आला ढेकर.
लसूण, हिरवी मिरची, आमचं स्वयंपाकघर.
मी हसले. मागून लवीना ओरडली, "काय झालं?"
सांगायला दम नव्हता.
त्या हसण्यात गेले असतील. जाऊ देत.

सरांनी वही मिटली.
"उद्या साडेचार. माहीम चर्चसमोर."
थोडं थांबून, "भूक लागलीय कुणाला?"
कुणी हात वर केला नाही.
मुनिराचं पोट तेवढं
सगळ्यांच्या वतीने बोललं.

घरी आई ताटली हातात घेऊन उभी.
"कड कुणी खाल्ली?"
"उंदीर असेल."
"उंदराच्या अंगठ्याला ग्रीस कसं?"
ताटलीवर खरंच काळा ठसा होता.
तिने तवा ठेवला, उरलेलं भानवलं त्यावर सरकवलं,
पाठमोरीच विचारलं, "कितीने हरलात?"
"चार सेकंद."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.
एक. दोन. तीन. चार.
"एवढ्यात तर," ती म्हणाली,
"कोळंबी कूससुद्धा बदलत नाही.
हात धुऊन ये."