कागदाचं वजन

शाळेच्या गच्चीवर जायला जिना नाही,
लोखंडी शिडी आहे, तिसरी पायरी सैल.
आठवड्यातून दोनदा मी पिशवी दातात धरून चढते,
पेटीचं छप्पर उचलते
आणि कागद बदलते.

पांढरा, काचेच्या धाग्यांचा, वहीच्या पानाएवढा.
घालताना वजन दोन पूर्णांक सात सहा एक चार.
मग आठ तास मोटर अख्खं जालना आत ओढत राहते:
भट्ट्यांचा धूर, भंगारावरचा जुना रंग,
मोंढ्यातल्या तुरीचा भुसा, बायपासची माती,
तिसरीच्या वर्गाचे पाढेसुद्धा, कुणी सांगावं.
काढते तेव्हा कागद राखाडी असतो,
थुंकी लावून पुसलेल्या पाटीसारखा.
जेवढं वजन वाढलं, तेवढी आमची हवा.
माझी नोकरी म्हणजे ही वजाबाकी.

मंगळवारी कागद पांढराच निघाला.
काट्याची काचेची दारं लावून, श्वास धरून,
दोनदा तोलला.
सतरा.
एखाद्या डोंगरावरच्या हॉटेलवाल्यानं
पाटीवर रंगवून मिरवावं, असं सतरा.

साहेब म्हणाले, छानच की.
लिहून टाका, सोमवारी बैठक आहे.

मी परत शिडी चढले.
पेटीमागे ओलं पोतं, चौघडी घातलेलं,
ओटा पुसून फडकं ठेवावं तितकं नीट.

शिपाई खंडू मिसाळ खालून बघत होता.
"किती दिले त्यांनी?"
"पैसे कशाचे, मॅडम. पोरगं रोलिंगला हाय माझं.
आकडा वाढला की तुमची नोटीस,
नोटीस आली की भट्टी बंद,
भट्टी बंद की ह्यो घरी बसून."
बोलता बोलता त्याला खोकला लागला.
मधल्या सुट्टीची घंटा त्यानंच द्यायची होती,
ती शेवटी चौथीतल्या एका पोरीनं दिली.

फॉर्मात शेऱ्याला दीड इंच जागा असते.
मी लिहिलं: नमुना रद्द, पुन्हा घ्यावा.
कारणाचा रकाना
अजून तसाच आहे.

पोतं मी ऑफिसात आणलं होतं.
वाळल्यावर काळं, ताठ, उभं राहील असं.
त्यातही आठ तासांचं शहर होतं,
पण आमचा काटा
दोनशे ग्रॅमच्या वर काही मोजत नाही.

गुरुवारी नवा कागद घेऊन गेले.
खंडूनं शिडी धरली.
तिसऱ्या पायरीला
नवा नट बसवलेला.