सव्वानऊची फेरी

आमच्या शाळेला घंटा नाही.
घंटेपायीच तर गावातली शाळा सुटली.
ती वाजली की रॅस्मी कोटांच्या कपाटात शिरायचा,
ओल्या लोकरीत तोंड खुपसून
जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तिथेच.
बाई वाईट नव्हत्या. मुलं बावीस होती,
आणि कपाट एकच.

आता आमचा दिवस उघडतो सव्वानऊच्या फेरीने.
शेटलंडच्या डिसेंबरात तेव्हाही उजाडलेलं नसतं,
स्वयंपाकघराच्या खिडकीत आधी दोन दिवे येतात,
मग त्या दिव्यांखाली हळूहळू बोट सुचते.
तिची पोलादी जीभ धक्क्याला टेकली
की रॅस्मी टेबलावर तळहात आडवा ठेवतो.
म्हणजे, हजेरी झाली.

सात गाड्या चढल्या, चार उतरल्या.
मासळीचा ट्रक म्हणजे तीन गाड्या,
असं तो बोटांनी सांगतो. मी एकदा वाद घातला,
मग धक्क्यावर जाऊन पावलांनी जागा मोजली.
त्याचंच खरं निघालं.
फेरी म्हणजे जाऊन परत येणं.
हा त्याचा पहिला धडा,
मी न शिकवलेला.

ओस्ला नऊ वर्षांची. अक्षरं
तिच्याकडे बघता बघता पाठ फिरवतात,
बीचा डी होतो, डीचा बी.
"आई, ती मुद्दाम करतात," ती म्हणते.
पण सुया हातात दिल्या की दोन रंगांचे धागे
तिच्या बोटांवरून शहाण्यासारखे चालतात.
म्हणून वाचनाचं पुस्तक फळीवर चढवलं
आणि बी आणि डी आम्ही विणूनच काढले,
शेजारी शेजारी, पोटाला पोट लावून.
आठवडाभर ती वाचण्याआधी
खिशात हात घालून चाचपून बघत होती.

मला जमतं असं कुणी समजू नये.
मंगळवारी टोस्ट तिरका कापला गेला
आणि अख्खी सकाळ त्यातच गेली.
मी पीटच्या ढिगाआड जाऊन वीस अंक मोजले,
मग पुन्हा वीस.
रोबिना कुंपणापलीकडून म्हणाली,
"टाक गं शाळेत, तुझंही वय होतंय."
मी चौतीस वर्षांची आहे.

जानेवारीत वादळ आलं. बोट आली नाही.
सव्वानऊ. नऊ वीस.
टेबलावर टेकायचा हात हवेतच.
"आज बोट नाही," मी म्हटलं,
आणि त्याला ते 'आज गुरुवार नाही' म्हटल्यासारखं ऐकू गेलं,
गुरुवार असताना.
तो जमिनीवर आडवा, टाचा फरशीवर आपटत.
मी हात पुढे केला, मागे घेतला.
अशा वेळी स्पर्श त्याला चटक्यासारखा लागतो.

लिहायला बस म्हटलं की जिचं पोट दुखतं
ती ओस्ला उठली. भिंतीवरच्या वेळापत्रकात
सव्वानऊच्या चौकोनावर लाल लोकरीचा तुकडा टाचला.
खाली वाऱ्याचं इंग्रजी नाव लिहिलं,
शेवटचा डी उलटा.
कुणी काही बोललं नाही. छपरावर पत्रा वाजत होता.
बऱ्याच वेळाने रॅस्मी उठला,
लाल लोकर नाकाला लावून पाहिली,
आणि त्या चौकोनावर
तळहात आडवा ठेवला.

साडेदहाला लोकरीची टोपली
त्यानेच आणली.

मार्चमध्ये कौन्सिलच्या मिस इस्बिस्टर आल्या,
सव्वानऊच्याच फेरीने, निळ्या गाडीतून.
वह्या चाळल्या, चहा घेतला,
भिंतीपाशी थांबल्या. "इथे स्पेलिंग चुकलंय."
"माहितेय," ओस्ला सुईवरून मान न उचलता म्हणाली,
"पण ते त्या दिवशीचं आहे. राहू दे."

दुपारी निळी गाडी परत चढली.
रॅस्मीने मोजली, त्याचा हिशेब जुळला.
माझ्या फॉर्मवर 'प्रगती' नावाचा रकाना आहे,
दोन बोटं रुंद.
तो अजून कोराच आहे.