टोपलीत काय आहे

एस्कोलास्तिकाबाईंनी भेंडीचं पान
माझ्या चष्म्यासमोर धरलं.
शिरा हळदीसारख्या पिवळ्या, मधल्या जागा अजून हिरव्या.
"हें कोणें केलें?"

जुवें बेटावर असंच विचारतात,
गुन्हेगार वाड्यावरचाच असणार
या खात्रीनं.

मी पान उलटं केलं.
पांढरी माशी. एक, मग सतरा.
फुंकर मारली तशा उडाल्या,
गिरणीतल्या पिठासारख्या,
आणि तिथेच येऊन बसल्या.
"ह्या?"
"ह्याच. पण एकट्या नाहीत."

माझी नोकरी माशा ओढण्याची.
नळीच्या एका टोकाला माझं तोंड,
दुसऱ्या टोकाला माशी, मध्ये जाळीचा तुकडा,
नाहीतर दिवसाला दोनशे गिळल्या असत्या.
मग बर्फाचा डबा, मग जुन्या गोव्याची प्रयोगशाळा.

बांधावर बसून सांगितलं, जमेल तसं:
माशीच्या पोटात एक जिवाणू असतो.
आईकडून लेकीला मिळतो, अंड्यातून अंड्यात,
बापाचा त्यात हात नाही.
झाडाच्या रसात जे नसतं ते तो तिला रांधून घालतो,
भाड्यापोटी म्हणा.
आणि एक प्रथिन करतो, पोकळ, पिंपासारखं.
त्याचं काम विस्कटलेल्याची घडी घालणं.
विषाणू रसाबरोबर आत येतो,
आतड्यातून रक्तात उतरतो,
तिथे त्याचे लचके तोडायला सगळे टपलेले.
हे प्रथिन त्याला झाकून घेतं
थेट लाळेपर्यंत.
पुढचं पान तुमचं.

"सगळेच जिवाणू असे?"
नाही म्हटलं. डासात सोडतात तो एक वेगळा,
तो विषाणूला घरात पाय पसरू देत नाही.
"माझी सासू," बाई म्हणाल्या.
मग बराच वेळ
नखानं भेंडीच्या शिरा मोजत राहिल्या.
"आणि जो झाकतो, त्याला काय मिळतं?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पंचावन्न साली त्या सात वर्षांच्या.
आईनं पहाटे होडी सोडली तर आत
एक माणूस पडलेला, फणफणलेला,
नाव विचारलं तर डोळे मिटणारा.
तिनं त्याच्यावर गोणपाट टाकलं,
गोणपाटावर भेंड्यांची टोपली उपडी केली.
पलीकडे धक्क्यावर पाखल्यांचा शिपाई.
काय आहे?
भेंडी.
त्यानं एक उचलून मोडली.
कोवळी होती. कट्ट झालं.
जा म्हणाला.

"कोण होता तो?"
"आई म्हणायची, स्वातंत्र्यवाला.
शेजारी म्हणायचे, सोन्याच्या चोरट्या धंद्यातला.
पंधरवड्यानं आमच्या वाड्यावर देवी आली.
आधी आईला, ती वाचली.
मग माझी बहीण. क्लेमेंसिया. चार वर्षांची."

खाडीवर भरती चढत होती.
मानशीच्या फळ्यांतून पाणी
कुरकुरत आत यायला बघत होतं.

"पाद्रीनं विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं,
बापानं तर मरेपर्यंत विचारलं, का झाकलंस?
ती एकच सांगायची,
त्याला थंडी वाजत होती."

मी सांगायचं ते सांगितलं:
पिवळी रोपं उपटा, जाळा, बांधावर फेकू नका,
चिकट पाट्या लावा, पुढच्या वर्षी बी बदला.
बी बदला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी ते वाक्य मागे घेतलं.
सात शिरांची भेंडी दुकानात मिळत नाही.

संध्याकाळी पूल ओलांडला.
डब्यात एकशे बारा माशा निजलेल्या,
प्रत्येकीच्या आत एक बिऱ्हाड,
त्या बिऱ्हाडात कदाचित एक पाहुणा.
मांडीवर अर्धा किलो निरोगी भेंडी, वर्तमानपत्रात,
पुडीच्या घड्या इतक्या घट्ट
की घरी सोडवताना कागद फाटला.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
मी तारीख लिहिली, शेत लिहिलं, संख्या लिहिली.
मग उठून एक भेंडी मोडून पाहिली.